भिंगांचा सोस

हौशी छायाचित्रकाराला फोटोपेक्षा कॅमेऱ्याचेच वेड जास्त, ही थट्टा छायाचित्रणाच्या जन्मवर्षीच सुरू झाली. लुई दागेर याने शोधलेल्या पद्धतीचा तपशील पॅरिसमध्ये १९ ऑगस्ट १८३९ रोजी जाहीर झाला. त्याच वर्षीच्या डिसेंबरात तेओदोर मोरिसे याचे ‘दागेरोटिपोमानी’, म्हणजे दागेरच्या पद्धतीचे वेड, या नावाचे शिळाछाप व्यंगचित्र प्रसिद्ध झाले. चित्रात माणसांची जत्रा लोटली आहे. कोणी तिवईवर पेटी मांडून उभा आहे, कोणी पेटी बगलेत मारून प्रवासाला निघाला आहे. आगगाडी आणि जहाज कॅमेऱ्यांनी खच्चून भरली आहेत, आकाशातल्या फुग्यालाही कॅमेरा आहे. एका बाजूला फाशीचे खांब भाड्याने मिळतील अशी पाटी दिसते. हे खांब आहेत चित्रे कोरणाऱ्या कारागिरांसाठी, कारण त्यांच्या पोटावर आता पाय येणार होता. अवघ्या चार महिन्यांतली ही गोष्ट. चित्रात अतिशयोक्ती भरपूर आहे, पण मोरिसेने एक गोष्ट अचूक हेरली होती: लोक चित्रांभोवती नव्हे, पेटीभोवती गोळा झाले होते.

आणि ती पेटी गर्दी जमावी अशीच होती. दागेरच्या सहीचा शिक्का असलेला अधिकृत संच त्याच्या पत्नीचा नातलग आल्फोन्स जिरू हा विकत असे. किंमत ४०० फ्रँक आणि एकूण वजन ५० किलोच्या आसपास. त्यात लाकडी कॅमेऱ्याखेरीज चांदीचा मुलामा दिलेले तांब्याचे पत्रे, आयोडीनची पेटी, पाऱ्याची पेटी, स्पिरिटचा दिवा, तापमापक आणि बाटल्या असत. पत्रा आरशासारखा लखलखेपर्यंत घासायचा, त्याला आयोडीनची धुरी द्यायची, कॅमेऱ्यात घालून कित्येक मिनिटे उजेड खाऊ द्यायचा, मग तापलेल्या पाऱ्याच्या वाफेवर धरायचा आणि शेवटी रसायनाने धुऊन चित्र पक्के करायचे. या कामात साधन आणि कला यांत फट नव्हती. ज्याला पत्रा घासता येत नाही त्याला चित्रही काढता येत नाही. म्हणूनच त्या पहिल्या पिढीचा साधनांचा ध्यास आणि नंतरच्या पिढ्यांचा सोस यांत फरक करावा लागतो, जरी दोघांची थट्टा एकाच तऱ्हेने झाली तरी.

भारताला या वेडाची लागण व्हायला फार दिवस लागले नाहीत. कलकत्त्याच्या थॅकर आणि कंपनीने जानेवारी १८४० मध्येच दागेर पद्धतीच्या कॅमेऱ्यांची जाहिरात दिली होती. पॅरिसमधली घोषणा होऊन तेव्हा जेमतेम पाच महिने झाले होते, आणि माल तर जहाजाने यायचा होता.

लोकांनी जिची सर्वांत आधी अभिलाषा धरली ती वस्तू मात्र कॅमेरा नसून भिंग होती. व्हिएन्नातील गणिताचे प्राध्यापक योझेफ पेत्सवाल यांनी १८४० मध्ये माणसांची चित्रे काढण्यासाठी खास भिंग गणिताने आखले. आकडेमोडीच्या कामी त्यांना ऑस्ट्रियाच्या तोफखान्यातील गणित जाणणारे जवान मिळाले होते. फोइग्टलेंडर या कारखान्याने ते घडवले. त्याचे छिद्र एफ/३.६ इतके मोठे होते, म्हणजे दागेरच्या कॅमेऱ्यातील भिंगाच्या पंधराएक पट उजेड त्यातून आत येई. जिथे माणसाला मान आवळून कित्येक मिनिटे बसवावे लागे, तिथे आता मिनिटाच्या आत काम होऊ लागले. कडेला प्रतिमा पुसट होई आणि जरा भोवऱ्यासारखी फिरे, पण मधला चेहरा धारदार येई. छायाचित्रणाच्या इतिहासात भिंगाने खरोखर क्रांती केली असे प्रसंग हाताच्या बोटांवर मोजण्यासारखे आहेत, आणि त्यांतला हा पहिला. भिंग बदलले की सगळे बदलते, ही हौशी मंडळींची पुढच्या काळातली श्रद्धा बहुधा याच अनुभवातून आली असावी.

१८५१ मध्ये फ्रेडरिक स्कॉट आर्चर याने कलोडियनची ओली काच पुढे आणली आणि सामान हलके होण्याऐवजी वाढले. काच ओली असेतोवरच फोटो काढून तो धुवावा लागे. त्यामुळे डोंगरावर जायचे तर अंधारखोलीही बरोबर न्यावी लागे: तंबू, काचांच्या पेट्या, बाटल्या, पाण्याचे पिंप. हिमालयाच्या छायाचित्रांसाठी नाव कमावलेला सॅम्युअल बोर्न हा आधी नॉटिंगहॅमच्या बँकेत नोकरी करणारा हौशी छायाचित्रकार होता. १८६३ मध्ये तो सिमल्याहून पहिल्या सफरीवर निघाला तेव्हा त्याच्या सामानाला सुमारे तीस हमाल लागले. सिल्व्हर नायट्रेटने बोटे काळी पडत आणि तो डाग साबणाने जात नसे, त्यामुळे काळी बोटे ही या छंदाची खूणच बनली. कथबर्ट बीड या टोपणनावाने लिहिणाऱ्या एडवर्ड ब्रॅडली यांनी १८५५ मध्ये लंडनमध्ये ‘फोटोग्राफिक प्लेझर्स’ हे सचित्र विनोदी पुस्तक काढले. केवळ छायाचित्रणाची थट्टा करण्यासाठी लिहिलेले ते पहिलेच पुस्तक मानले जाते.

दोन वर्षांनी लुईस कॅरल याने हायावाथा या नायकावरच्या प्रसिद्ध काव्याचे विडंबन करून त्याला छायाचित्रकार बनवले. कवितेच्या आरंभी शिसवी लाकडाचा घडीचा कॅमेरा उलगडून उभा करण्याचे सविस्तर वर्णन येते. खांदे, सांधे, बिजागऱ्या, कोन यांची ती बारकाईची जुळणी वाचताना कळते की लिहिणाऱ्याने हे काम स्वतःच्या हाताने केले आहे. ते खरेच होते. ऑक्सफर्डमध्ये गणित शिकवणाऱ्या कॅरलने १८५६ मध्ये लंडनच्या ऑटवेल यांच्याकडून सुमारे १५ पौंडांना कॅमेरा विकत घेतला होता आणि पुढे वीसएक वर्षे तो फोटो काढत राहिला. छायाचित्रकारांची उत्तम थट्टा बहुधा छायाचित्रकारांनीच केली आहे. ती बाहेरच्याला जमत नाही, कारण बिजागरी कुठे अडते हे त्याला ठाऊक नसते.

मुंबईत ही हौस याच सुमारास संस्थेच्या रूपाने उभी राहिली. ३ ऑक्टोबर १८५४ रोजी फोटोग्राफिक सोसायटी ऑफ बॉम्बे स्थापन झाली. सरकारी अधिकारी, लष्करातले लोक, डॉक्टर आणि व्यापारी तिचे सभासद होते आणि एतद्देशीयांना तिचे दार खुले होते. डॉ. भाऊ दाजी लाड आणि त्यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे दोघेही तिच्याशी संबंधित होते, पैकी नारायण दाजी स्वतः कसलेले छायाचित्रकार. एल्फिन्स्टन संस्थेत १८५५ मध्ये छायाचित्रणाचा वर्ग निघाला. त्यात शिकलेल्या हरिश्चंद्र चिंतामण यांनी पुढे शहरात व्यवसाय केला. जॉन्सन आणि हेंडरसन यांनी १८५६ ते १८५८ या काळात मूळ छायाचित्रे चिकटवलेले जे नियतकालिक मुंबईतून चालवले त्याच्या नावातच ‘इंडियन अमॅच्युअर’ असे शब्द होते. या मंडळींपुढची अडचण इंग्लंडातल्यांपेक्षा वेगळी होती. कलोडियनमध्ये ईथर असते आणि ईथर ३५ अंशांच्या आसपास उकळते. मुंबईच्या मे महिन्यात बाटलीचे बूच काढताच ते उडू लागे आणि काचेवरचा थर हवा त्याच्या आधीच सुके. अशा हवेत ज्यांनी चांगल्या काचा तयार केल्या, त्यांना साधनांचे वेडे म्हणणे अन्यायाचे ठरेल. त्यांचे सगळे कसब हातात होते.

हे कसब हातातून निघून गेले ते पुढच्या तीस वर्षांत. रिचर्ड लीच मॅडॉक्स या इंग्रज डॉक्टरला ईथरच्या वाफा सोसत नव्हत्या. त्याने १८७१ मध्ये जिलेटिनची कोरडी काच सुचवली. दशक संपण्यापूर्वी अशा काचा कारखान्यात बनून दुकानात मिळू लागल्या. आता काच महिनोन् महिने ठेवता येई, फोटो काढून नंतर सावकाश धुता येई आणि क्षणाच्या अंशात काम होई. तिवई गेली, तंबू गेला, हमाल गेले. कॅमेरा हातात आला आणि लगेच कपड्यांतही लपला. १८८६ मध्ये न्यूयॉर्कच्या स्टर्न यांनी चपटा गोल कॅमेरा बाजारात आणला. तो बंडीखाली गळ्यात अडकवायचा, भिंग बटणाच्या भोकातून बाहेर डोकावणार, आणि दोरी ओढली की काचेच्या गोल तबकडीवर एक फोटो. एका तबकडीवर सहा फोटो येत. गळपट्टीत, टोपीत, पुस्तकात आणि हातातल्या काठीतही कॅमेरे बसवले गेले. त्यांना ‘डिटेक्टिव्ह कॅमेरा’ असे नाव पडले. वर्तमानपत्रे समुद्रकिनाऱ्यावर पाळत ठेवणाऱ्या ‘कॅमेरा-सैतानां’वर तुटून पडू लागली. खाजगी आयुष्याच्या हक्कावर सॅम्युअल वॉरन आणि लुईस ब्रँडाइस यांनी १८९० मध्ये जो गाजलेला लेख लिहिला, त्यात या झटपट छायाचित्रांचा उल्लेख आहे.

मग १८८८ मध्ये जॉर्ज ईस्टमनचा कोडॅक आला. किंमत २५ डॉलर, आत १०० फोटोंचा रोल भरलेला. रोल संपला की कॅमेराच कंपनीकडे पाठवायचा. १० डॉलरांत फोटो धुऊन, छापून, नवा रोल भरून तो परत येई. १९०० मध्ये एका डॉलरचा ब्राउनी आला आणि कॅमेरा शाळकरी मुलांच्या हाती गेला.

हौशी छायाचित्रकाराच्या इतिहासातला हा खरा वळणबिंदू, आणि सोसाचा उगम इथेच शोधावा लागतो. तोवर रसायने जमणे हीच हौशी माणसाची ओळख होती. आता कोणालाही फोटो काढता येऊ लागला तेव्हा वीस वर्षे या कामात घालवलेल्या माणसाने ब्राउनीवाल्या पोरापेक्षा आपण वेगळे कसे, हे दाखवायचे तरी कशाने? चित्राने दाखवता येते, पण ते कठीण. कॅमेऱ्याने दाखवणे सोपे. काच माखण्याची, घासण्याची, धुरी देण्याची मेहनत जसजशी यंत्राने आणि कारखान्याने घेतली, तसतसे हौशी माणसाचे रिकामे झालेले लक्ष निवडीकडे आणि खरेदीकडे वळले. लंडनचे ‘अमॅच्युअर फोटोग्राफर’ हे साप्ताहिक १८८४ पासून निघत होते. ‘ब्रिटिश जर्नल’ या छायाचित्रणाच्या नियतकालिकाचे वार्षिक तर हजारावर पानांचे होऊ लागले आणि त्यांतली बरीचशी पाने जाहिरातींची असत. वाचक त्या पानांसाठीच ते घेत असावेत असे वाटण्याइतकी ती पाने आकर्षक आहेत.

भिंगांच्या बाबतीत त्या काळी एक विलक्षण गोष्ट घडली. येना येथील झाइस कारखान्यात पाउल रुडोल्फ याने १८९० मध्ये प्रोटार आणि १९०२ मध्ये टेसार हे भिंग आखले. टेसारमध्ये काचेचे चारच तुकडे होते, पण त्याची प्रतिमा कडेपर्यंत धारदार येई. रचना इतकी नेटकी की पुढे शतकभर तिच्या नकला होत राहिल्या. नेमक्या त्याच वर्षांत डालमेयर आणि बॉस्टनचे पिंकम-स्मिथ हे मुद्दाम धूसर प्रतिमा देणारी भिंगे विकत होते, कारण कलात्मक छायाचित्रण करणाऱ्या मंडळींना चित्र धुक्यातून पाहिल्यासारखे हवे होते. एका दुकानात धार विकत मिळे, शेजारच्या दुकानात धूसरता. दोन्हीकडे गिऱ्हाईक तेच. याच मंडळींत वावरणाऱ्या आल्फ्रेड स्टिगलित्झ याने २२ फेब्रुवारी १८९३ रोजी न्यूयॉर्कच्या फिफ्थ अ‍ॅव्हेन्यूवर हिमवादळात सुमारे तीन तास उभे राहून घोडागाडीचा एक फोटो काढला. तो जगभर गेला. हातातला कॅमेरा उसना आणलेला होता.

विसाव्या शतकातला सर्वांत मोठा मोह वेट्झलारहून आला. एर्न्स्ट लाइट्झ यांच्या सूक्ष्मदर्शकांच्या कारखान्यात काम करणारा ऑस्कर बार्नाक दम्याचा रुग्ण होता. डोंगर चढताना त्याला जड कॅमेरा झेपत नसे. सिनेमाच्या फिल्मवर एक चौकट १८ बाय २४ मिलिमीटरची असते. त्याने ती दुप्पट करून २४ बाय ३६ केली आणि तिच्याभोवती खिशात मावणारा कॅमेरा रचला. १९२५ च्या लाइपझिगच्या जत्रेत लायका विक्रीला आला. गंभीर मंडळींनी आधी त्याला खेळणे ठरवले. एवढ्या इवल्याशा निगेटिव्हवरून मोठा फोटो कसा छापणार, हा त्यांचा आक्षेप. इंग्रजीत या आकाराला ‘मिनिएचर’ म्हणत, आणि ‘मिनिकॅम’ याच नावाचे मासिक अमेरिकेत १९३७ मध्ये निघाले. आज हाच २४ बाय ३६ चा आकार ‘फुल फ्रेम’ म्हणून मिरवला जातो आणि त्याहून लहान सेन्सरचा कॅमेरा बाळगणाऱ्याला कमीपणा वाटतो.

लायकाबरोबर जोडसाधनांचे युग सुरू झाले. लाइट्झच्या सूचिपत्रात प्रत्येक वस्तूला तारेने मागणी नोंदवण्यासाठी पाच रोमन अक्षरांचे नाव असे. फिसोन म्हणजे भिंगावर ऊन अडवणारी झापड, विडोम म्हणजे निरनिराळ्या भिंगांना चालणारा दृश्यदर्शक, फोडिस म्हणजे अंतर मोजण्याची नळी, नूकी म्हणजे जवळचे टिपण्याची जोडणी. अब्लोन ही तर फिल्मचे टोक कापण्यासाठी केलेली धातूची नुसती पट्टी. कात्रीने अंदाजाने कापले तरी काम भागे, पण अब्लोनमध्ये फिल्म दाबून पात्याने कापली की टोक बरोबर हव्या त्या वळणाचे येई. लहानशी, जड, गुळगुळीत अशी ही वस्तू ज्याने हातात घेतली आहे, त्याला हा सोस का लागतो हे समजावून सांगावे लागत नाही. १९३२ मध्ये झाइसने काँटॅक्स काढला आणि कापडी पडद्याचे शटर चांगले की पितळी पट्ट्यांचे, यावर दोन्ही बाजूंचे हौशी लोक हमरीतुमरीवर येऊ लागले. त्याच वर्षी आंरी कार्तिए-ब्रेसाँ या तरुणाने लायका घेतला. पुढे जवळजवळ सारे आयुष्य त्याने ५० मिलिमीटरच्या एका भिंगावर काढले आणि कॅमेऱ्याचे चकाकणारे भाग काळ्या पट्टीने झाकून टाकले.

१९५० मध्ये ‘लाइफ’चा छायाचित्रकार डेव्हिड डग्लस डंकन टोकियोत निकॉनच्या भिंगांच्या प्रेमात पडला आणि कोरियन युद्धाचे फोटो त्याने त्यांतूनच काढले. जपानी भिंगांचे नाव तेव्हापासून झाले. १९५९ च्या निकॉन एफमध्ये भिंगच काय, वरचा प्रिझम, आतला पडदा आणि मागचे झाकणसुद्धा बदलता येई. म्हणजे कॅमेरा घेऊन खरेदी संपत नव्हती, सुरू होत होती. १९६१ मध्ये कॅननने एफ/०.९५ चे भिंग काढले. मंद दिव्याच्या उजेडात ते काम करी, पण एक मीटरवरचा चेहरा टिपताना स्पष्ट दिसणारी खोली जेमतेम दोन सेंटिमीटर मिळे. डोळे धरले तर कान सुटत. इतके अवघड भिंग प्रत्यक्ष वापरणारे थोडेच, पण ते आपल्याकडे असावे असे वाटणारे पुष्कळ होते.

भारतात या सोसाने वेगळेच वळण घेतले, कारण इथे विकत घ्यायला काही नव्हते. मुंबईत १९३२ मध्ये कॅमेरा पिक्टोरियलिस्ट्स आणि १९३७ मध्ये फोटोग्राफिक सोसायटी ऑफ इंडिया या संस्था सुरू झाल्या होत्या. जाणकार मंडळी स्पर्धांसाठी देशोदेशी फोटो पाठवत. स्वातंत्र्यानंतर परकीय चलनाची चणचण झाली, कॅमेऱ्यांच्या आयातीवर निर्बंध आले आणि फिल्मही जपून वापरावी लागू लागली. सरकारने १९६० मध्ये हिंदुस्थान फोटो फिल्म्स ही कंपनी स्थापून उटीला कारखाना उभारला. बडोद्याच्या न्यू इंडिया इंडस्ट्रीजमध्ये आग्फा क्लिक-३ बनू लागला आणि मराठी मध्यमवर्गाच्या कितीतरी घरांतला तो पहिला कॅमेरा ठरला. १२० चा रोल, बारा चौकोनी फोटो. मुंजीत चार, सहलीला पाच, उरलेले तीन दिवाळीपर्यंत राखून ठेवायचे आणि मग रोल धुवायला द्यायचा. कॅमेरा चामडी पेटीत, पेटी कपाटात, कपाटाची किल्ली वडिलांकडे. ज्याला याहून जास्त हवे असे त्याच्यापुढे बाहेरून येणाऱ्या नातेवाइकाला गळ घालणे किंवा मुंबईच्या फोर्टातल्या जुन्या मालाच्या दुकानांत चकरा मारणे हेच मार्ग होते. सोव्हिएत संघाचा झेनिट आणि पूर्व जर्मनीचा प्राक्टिका त्यातल्या त्यात आवाक्यात असत. टंचाईत लोकांनी सूचिपत्रे पाठ केली, न पाहिलेल्या भिंगांचे आकडे तोंडपाठ सांगितले. खरेदीऐवजी हुरहूर हेच या काळातल्या हौशीचे रूप होते, आणि त्या हुरहुरीला हसण्याचे काही कारण नाही.

याच सुमारास अमेरिकेत उलटी चळवळ सुरू झाली. नॅन्सी रेक्सरॉथ हिने डायना नावाच्या प्लॅस्टिकच्या खेळण्यातल्या कॅमेऱ्याने फोटो काढून १९७७ मध्ये ‘आयोवा’ हे पुस्तक केले. धूसर कडा, कॅमेऱ्यात शिरलेला भलताच उजेड, हे सगळे तिने चित्राच्या बाजूने वळवून घेतले. पुढे हाँगकाँगचा होल्गा आणि लेनिनग्राडचा लोमो हे कॅमेरे सामानाच्या ओझ्याला कंटाळलेल्यांचे आवडते झाले. १९९२ मध्ये व्हिएन्नात लोमोग्राफी संस्था स्थापन झाली, आणि मग साध्या कॅमेऱ्यांचीही दुकाने, मर्यादित आवृत्त्या आणि संग्राहक निर्माण झाले. २०१३ मध्ये याच संस्थेने पेत्सवालच्या १८४० च्या भिंगाची नवी आवृत्ती काढण्यासाठी लोकांकडे पैसे मागितले. एक लाख डॉलर हवे होते, जवळजवळ १४ लाख जमले. कडेला भोवऱ्यासारखी फिरणारी जी पुसट प्रतिमा पेत्सवालच्या काळी उणीव होती, तिच्यासाठीच आता लोक पैसे मोजत होते. पार्श्वभूमीच्या या विरघळण्याला जपानीत ‘बोके’ म्हणतात, आणि १९९७ मध्ये एका अमेरिकन मासिकाने तो शब्द इंग्रजीत रुळवला. टंचाईच्या काळातल्या झेनिटवर बसलेले हेलिओस भिंग याच विरघळण्यासाठी आज शोधून शोधून घेतले जाते.

डिजिटल कॅमेऱ्याने सोसाला आकडा दिला. १९९९ च्या निकॉन डी-१ मध्ये २७ लाख बिंदू होते, २००३ मध्ये कॅननने हजार डॉलरांच्या आत विकलेल्या ३००-डी मध्ये ६३ लाख, २०१२ च्या निकॉन डी-८०० मध्ये ३ कोटी ६३ लाख. हा आकडा दिसतो तितका बोलका नाही. बिंदू क्षेत्रफळावर पसरलेले असतात. त्यामुळे फोटोतला बारकावा प्रत्येक दिशेने दुप्पट करायचा तर बिंदू चौपट लागतात, ६० लाखांचे २ कोटी ४० लाख करावे लागतात. ८ बाय १२ इंचांचा उत्तम फोटो छापायला इंचाला ३०० बिंदूंच्या हिशेबाने ८६ लाख पुरतात. फोनच्या पडद्यावर पाहण्यासाठी १५ लाखही पुष्कळ झाले. तरी शर्यत चालू राहिली. नवे भिंग आले की विटांच्या भिंतीचा फोटो काढायचा, कडेच्या विटा वाकड्या दिसतात का ते पाहायचे, वर्तमानपत्राचे पान भिंतीला चिकटवून कोपऱ्यातली अक्षरे वाचायची, हा हौशी लोकांचा नित्याचा कार्यक्रम झाला. साधन तपासून पाहणे यात मुळीच वावगे नाही. दादासाहेब फाळके यांनी १९१२ मध्ये विम्याच्या पॉलिसीवर पैसे उभे करून लंडन गाठले आणि विल्यमसन कॅमेरा आणला. तो हाताळताना त्यांनी कुंडीतल्या वाटाण्याच्या रोपाची वाढ दिवसांमागून दिवस एकेक चौकट टिपून चित्रित केली. पडद्यावर अंकुर झरझर वाढताना पाहून भांडवल देणाऱ्याचा विश्वास बसला आणि पुढच्या वर्षी ‘राजा हरिश्चंद्र’ झळकला. तपासणीसाठी भिंतच हवी असे नाही.

या वेडाला आज सर्वत्र रूढ झालेले नाव मात्र संगीताकडून आले. स्टीली डॅन या अमेरिकन वाद्यवृंदाचा वॉल्टर बेकर याने १९९० च्या दशकात गिटारवादकांच्या एका मासिकात गिटारी घेत सुटण्याच्या रोगाला ‘गॅस’ हे आद्याक्षरी नाव दिले. छायाचित्रकारांनी त्यातली गिटार काढून ‘गिअर’ घातले, म्हणजे साधने जमवण्याचा विकार. पुढे हाँगकाँगच्या डिजिटलरेव्ह या चित्रवाहिनीने नामांकित छायाचित्रकारांच्या हाती खेळण्यातले कॅमेरे देऊन त्यांना रस्त्यावर सोडले. चेस जार्विस याला ठोकळ्यांसारखा दिसणारा लेगो कॅमेरा मिळाला, आणि त्याने त्यातूनही पाहण्यासारखे फोटो काढून दाखवले.

जपानी उत्पादकांच्या संघटनेच्या आकडेवारीनुसार २०१० मध्ये जगभर १२ कोटींहून अधिक डिजिटल कॅमेरे रवाना झाले. २०१९ मध्ये ही संख्या दीड कोटीवर आली आणि २०२० मध्ये ९० लाखांच्याही खाली गेली. साध्या फोटोंचे काम फोनने घेतले, आणि कॅमेऱ्याच्या दुकानात उरला तो मुख्यतः हौशी. कारखाने आता त्याच्याच जिवावर चालतात, म्हणून नव्या कॅमेऱ्यांच्या आणि भिंगांच्या किमतीही त्याची हौस पाहून ठरतात. जुन्या वस्तूंचे मोलही त्याच प्रमाणात चढले. बार्नाकने स्वतः वापरलेला, दृश्यदर्शकावर त्याचे नाव कोरलेला १०५ क्रमांकाचा लायका जून २०२२ मध्ये वेट्झलारच्या लिलावात १ कोटी ४४ लाख युरोंना गेला. त्याने त्यातून मुख्यतः आपल्या कुटुंबाचे फोटो काढले होते. सर्वांत मोठ्या संग्रहाचा मान मात्र मुंबईकडे आला. दिलीश पारेख यांच्या ४,४२५ जुन्या कॅमेऱ्यांची नोंद २००३ मध्ये गिनेस विक्रमांत झाली.

मुंबई आणि कोकणात असा संग्रह सांभाळणे ही वेगळीच तपश्चर्या आहे. हवेतली आर्द्रता ६५ टक्क्यांच्या वर गेली की भिंगाच्या काचेवर बुरशी धरते आणि इथे पावसाळ्याचे चार महिने ती त्याहून कितीतरी वर असते. चामड्याची पेटी ओल धरून ठेवते, आतल्या अंधारात बुरशी फोफावते, त्यामुळे सर्वांत जपून ठेवलेले भिंगच आधी बाधते. सुरुवातीला काचेच्या कडेला कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक धागे दिसतात, मग ते मध्याकडे सरकतात. जाणकार भिंगे हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर ठेवतात, निळे दाणे गुलाबी झाले की तापवून पुन्हा निळे करतात, आणि अधूनमधून भिंग बाहेर काढून उन्हात वापरतात. ज्यांना हे जमत नाही ते दिवाळीच्या आधी दुरुस्तीवाल्याकडे जातात. तो कडी फिरवून काचा एकेक करून सुट्या करतो आणि कापसाने पुसतो. बुरशी निघते, पण तिने काचेवरचा मुलामा जिथे खाल्लेला असतो तिथे धाग्यांच्या फिक्या रेघा राहतात आणि भिंग दिव्यासमोर धरले की दिसतात.